टर्बो नवा, गळती जुनीच

टर्बो बदलल्यावर आठवड्याभरात गाडी गॅरेजला परत येते आणि मालकाची तक्रार एका वाक्याची असते: ‘नवा टर्बो टाकला, तरी तेल फेकतोय.’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं. माल खराब आला, बदलून घेऊ. दुसरा टर्बो येतो, काही दिवस बरे जातात आणि इंटरकूलरच्या होजवर पुन्हा काळा ओलावा दिसू लागतो. दुरुस्तीच्या कामात पैसा, वेळ आणि परस्परांवरचा विश्वास इतका वाया घालवणारं दुसरं प्रकरण क्वचितच असेल. नव्याने बसवलेल्या टर्बोतून येणाऱ्या तेलाचं मूळ बहुतेक वेळा टर्बोच्या बाहेर असतं. ते शोधायला महागडं स्कॅनर लागत नाही, पण तपासणीचा क्रम लागतो, आणि घाईत पहिला बळी जातो तो त्या क्रमाचाच.

छत्रपती संभाजीनगरात हा विषय परका नाही. वाळूजला बजाज आणि तिच्याभोवती वाढलेले सुट्या भागांचे कारखाने यांनी इथे यंत्राची जाण असलेल्या दोन पिढ्या घडवल्या. २००१ मध्ये शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडाची ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. तिचं १.९ लिटरचं टीडीआय डिझेल इंजिन टर्बोचंच होतं. २००४ मध्ये तिचीच आरएस आवृत्ती आली, १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. टर्बो पेट्रोल कार भारतीय रस्त्यावर जवळपास अनोळखी होती तेव्हाची ही गोष्ट. एमएच-२० पाटीच्या त्या जुन्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यानंतर स्विफ्टपासून स्कॉर्पिओपर्यंत डिझेल गाड्यांमध्ये टर्बो सरसकट आला आणि आता एक लिटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनांतही आहे. त्यामुळे टर्बोची गळती ही हौशी लोकांची अडचण उरलेली नाही. मोंढ्यात माल टाकून परत निघालेल्या पिकअपवाल्याचीही ती अडचण आहे.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरच्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची, इतकं सोपं तत्त्व. तत्त्व सोपं असलं तरी मधला भाग अवघड आहे. छोट्या कारच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. एका बाजूला डिझेलमध्ये आठशे अंशांच्या घरातला आणि पेट्रोलमध्ये त्याहूनही तप्त वायू असतो, तर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. या दोहोंच्या मधे शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तिथे रबराचं सील टिकणंच शक्य नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांना खाचेत बसवलेली बारीक लोखंडी रिंग असते, पिस्टन रिंगची धाकटी बहीण म्हणावी अशी. ती घराला चिकटून स्थिर राहते आणि शाफ्ट तिच्या आत फिरतो. तिच्या तोंडाला फट असतेच. म्हणजे ही रिंग तेलाला पूर्णपणे अडवूच शकत नाही.

मग तेल आत का राहतं? दाबाच्या फरकामुळे. टर्बो चालू असताना दोन्ही चक्रांच्या मागचा दाब मधल्या घरातल्या दाबापेक्षा जास्त असतो, त्यामुळे थोडीशी हवा आणि थोडासा वायू बाहेरून आत शिरत राहतो आणि तेलाला मागे ढकलतो. दुसरं कारण उताराचं. बेअरिंगमधून निघालेलं तेल फेसाळलेलं असतं, त्याच्यामागे दाब उरलेला नसतो आणि ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. हे दोन्ही जागेवर असले तर घासलेली रिंगही पुष्कळ काळ निभावून नेते. यातलं एक जरी बिघडलं तर कारखान्याच्या पेटीतून आज काढलेला टर्बोही तेल सोडतो. मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून घरात येतं, त्यात उंबऱ्याचा दोष नसतो.

म्हणून शोध सुरू करायचा तो खालून, रिटर्न पाइपपासून. माझ्या मते या साऱ्या प्रश्नात सर्वांत जास्त लक्ष द्यावं अशी जागा हीच आहे आणि सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच जातं. रिटर्न पाइप जाड असतो, कारण त्यातून फेस जायचा असतो. छोट्या टर्बोलाही आतून बारा-तेरा मिलिमीटरच्या खाली जाऊन चालत नाही. जुनी नळी आतून जळक्या तेलाच्या थराने अरुंद झालेली असते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. तिच्यातून हवा फुंकली की हवा जाते आणि ‘मोकळी आहे’ असा निर्वाळा मिळतो. हवा सुईच्या छिद्रातूनही जाते. नळी काढून उजेडाकडे धरून पाहावी आणि आतल्या बाजूला बोटाने खरवडून बघावी. रबरी होज असेल तर तिचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा आलेला नाही ना, हे पाहावं.

त्याच नळीच्या वरच्या तोंडाशी दुसरा अपराधी बसलेला असतो: सिलिकॉन पेस्ट. पॅकिंग मिळालं नाही, किंवा मिळालं पण मन भरलं नाही, म्हणून फ्लँजवर पेस्टचा जाड थर दिला जातो. बोल्ट आवळले की ती जितकी बाहेर फुगते तितकीच आत फुगते. आतला तुकडा गरम तेलात सुटतो आणि छिद्रावर बसतो. टर्बोचे बहुतेक उत्पादक तेलाच्या दोन्ही फ्लँजवर पेस्ट वापरू नका, असं स्पष्ट सांगतात, आणि परत आलेल्या टर्बोच्या तोंडाशी पेस्ट दिसली तर हमी नाकारतात. पॅकिंगही उलटं किंवा भलत्याच गाडीचं बसू शकतं. वेगवेगळ्या गाड्यांची पॅकिंग एकसारखी दिसतात, बोल्टांची भोकं जुळतात आणि मधलं छिद्र अर्धं झाकलं जातं. बसवण्याआधी पॅकिंग फ्लँजवर ठेवून नजर टाकायला अर्धं मिनिट लागतं.

यानंतर कोन पाहायचा. मधल्या घराचं तेल बाहेर पडण्याचं तोंड जवळपास सरळ खाली असायला हवं. उभ्या रेषेपासून तीस-पस्तीस अंशांहून जास्त कलतं झालं की तेल घरातच साचू लागतं. कंपनीच्या गाडीत कंपनीचाच पूर्ण टर्बो बसवला तर हा प्रश्न येत नाही. पण आपल्याकडे फक्त कोअर, म्हणजे शाफ्ट-चक्रांसह मधलं घर, बदलण्याची पद्धत मोठी आहे, कारण ती स्वस्त पडते. कोअर बसवताना दोन्ही बाजूंची घरं त्याच्याभोवती फिरवता येतात आणि खूण न करता उघडलं की ती हमखास फिरतात. उघडण्याआधी खडूने किंवा मार्करने तीनही भागांवर एक सरळ रेघ ओढली की हा प्रश्न जन्मालाच येत नाही.

ज्या गाडीला मुळात टर्बो नव्हता तिच्यावर हौसेने टर्बो चढवला असेल, तर रिटर्नची कथा आणखी बिकट. चेंबरला भोक पाडून नळी वेल्ड करतात आणि ते भोक सोयीने खाली पाडलं जातं, तेलाच्या पातळीखाली. मग परतीचं तेल साचलेल्या तेलात शिरू शकत नाही. जोड नेहमी पातळीच्या वर हवा, तोही क्रँकशाफ्ट जिथे तेल उधळतो त्या माऱ्यापासून बाजूला. टर्बोच चेंबरच्या पातळीला किंवा खाली बसवला असेल तर उतार मिळणारच नाही आणि तेल खेचणारा वेगळा पंप लावावा लागेल. अशा बदलाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे अधोरेखित केलं. गाडीवर हात घालण्याआधी मालकाला हे सांगणं मिस्त्रीचं कर्तव्य आहे.

रिटर्न स्वच्छ, सरळ आणि मोकळा निघाला तर इंजिनाकडे वळायचं. गॅरेजच्या बोलीत ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते इथे येतं. रिंग-पिस्टन झिजलेल्या इंजिनात जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो, तिथे दाब तयार करतो आणि हा दाब रिटर्न पाइपमधून उलटा वर चढतो. टर्बोतून उतरणाऱ्या तेलाला खालूनच अडवलं जातं. दोन लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनावर नवा टर्बो टाकला की गळती अचानक वाढल्यासारखी का वाटते, याचं एक उत्तर यात आहे. नवा टर्बो पूर्ण बूस्ट देतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि थकलेल्या रिंगांमधून जास्त वायू निसटतो.

तेलाचं झाकण काढून धूर पाहणं ही इथली रूढ तपासणी. ती ढोबळ आहे, कारण गरम तेलाची वाफ धडधाकट इंजिनातूनही येते. खात्री करायची तर पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरावं, एक टोक ऑइल गेजच्या पट्टीच्या नळीला घट्ट जोडावं, दुसरं मोकळं ठेवावं आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याची पातळी पाहावी. नव्या गाड्यांत ती जवळपास सारखी राहते किंवा किंचित इंजिनाकडे ओढली जाते. पाणी बाहेरच्या बाजूला काही सेंटिमीटर चढलं आणि एक्सलरेटर दिल्यावर आणखी चढत गेलं, तर टर्बोला हात लावण्याचं कारणच उरत नाही. पण लगेच इंजिन उघडायचीही घाई नको. आधी ब्रीदरची, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर काढणारी, नळी तपासावी. ती चिखलाने, तेलाच्या गाळाने किंवा मुडपल्यामुळे बंद झाली तरी हाच दाब तयार होतो. अलीकडच्या इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरमध्येच दाब सांभाळणारा पातळ पडदा असतो आणि तो फाटतो. टर्बो पेट्रोलमध्ये ब्रीदरच्या वाटेवरचा एकदिशा व्हॉल्व्ह निकामी झाला तर बूस्टची हवा थेट चेंबरमध्ये घुसते.

आता हवेची बाजू. एअर फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या चक्रामागे निर्वात तयार होतो आणि आत ढकलणाऱ्या दाबाऐवजी तेलाला बाहेर खेचणारी ओढ लागते. मराठवाड्यातल्या धुळीत हे कारण हलक्यात घेऊ नये. काळ्या मातीचे शेतरस्ते, वर्षानुवर्षं चाललेली रस्त्यांची कामं आणि बाजरी-मक्याच्या मळणीचे दिवस यांत कंपनीने सांगितलेला फिल्टर बदलाचा हिशेब पुरत नाही. नवा टर्बो टाकताना जुना फिल्टर झटकून परत बसवणं ही काटकसर महाग पडते. पॉलिशच्या कापडाचा एखादा तुकडा किंवा आतल्या बाजूने चपटी झालेली इनटेक होजही हेच करते.

कुठल्या बाजूने तेल येतं आहे हे ठरवण्याच्या खुणा मात्र साध्या आणि विश्वासार्ह आहेत. कॉम्प्रेसरच्या चक्राच्या आधीची, म्हणजे फिल्टरकडून येणारी नळी ओली असेल तर ते तेल ब्रीदरमधून आलेलं आहे, टर्बोतून नाही. तेवढा हलका थर बहुतेक डिझेल गाड्यांत असतोच. आधीची नळी कोरडी आणि नंतरची, इंटरकूलरकडे जाणारी भिजलेली असेल तरच बोट टर्बोकडे जातं. एक्झॉस्टकडेही तोच न्याय. मॅनिफोल्ड आतून ओला असेल तर तेल इंजिनच जाळतं आहे. व्हॉल्व्ह सील किंवा रिंग पाहावी. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बाइनच्या पुढचा पाइप ओला, तर टर्बो. दोन्ही बाजू एकाच वेळी ओल्या असतील तर रिटर्न किंवा बॅक कॉम्प्रेशन, हे जवळपास ठरलेलं.

या सगळ्याआधी एक पायरी असते आणि ती गाळली तर पुढचं सगळं निदान पोकळ ठरतं: गळती बाहेरची आहे की आतली. बाहेरची गळती सोपी असते. तेल आणणाऱ्या नळीच्या बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. ते लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवले तर पुन्हा मऊ होतात, ही जुनी युक्ती खरी आहे. पण नवे वॉशर इतके स्वस्त आहेत की ती अडचणीच्या वेळीच वापरावी. रिटर्नच्या होजची क्लिप ढिली असते, किंवा व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगमधून आलेलं तेल ओघळत टर्बोवर येऊन थांबतं आणि दोष टर्बोला मिळतो. सगळा भाग धुवून कोरडा करावा, टाल्कम पावडर शिंपडावी, इंजिन चालवावं आणि पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते पाहावं. जिथे हात आणि नजर पोचत नाही तिथे तेलात चमकणारा रंग मिसळून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने पाहण्याची सोय आता आहे.

तेल आणणाऱ्या नळीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. काहीजण प्रत्येक टर्बोला छिद्र लहान करणारा रिस्ट्रिक्टर बसवतात आणि गळती थांबल्याचं सांगतात. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तो हवाच. त्याचं छिद्र साधारण एक मिलिमीटरचं असतं, कारण त्या बेअरिंगला तेल कमी लागतं आणि जास्त झालं तर ते निचरत नाही. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांत साधं तरंगतं बेअरिंग असतं आणि त्याला भरपूर तेल लागतं. तिथे रिस्ट्रिक्टर टाकला तर गळती कमी होईल, पण शाफ्ट तेलाविना घासून महिन्याभरात जाईल. दुखणं लपवून रोग वाढवण्याचा हा मार्ग मला मान्य नाही. उलट टोकाचं उदाहरण युरोपातलं आहे. फोर्ड आणि प्यूजोच्या १.६ लिटर डिझेल इंजिनात तेलाच्या नळीच्या बॅन्जोमध्ये बारीक जाळी होती. तिच्यात जळक्या तेलाची काजळी अडकायची, टर्बो उपाशी मरायचा आणि फक्त टर्बो बदलून पाठवलेल्या गाड्या पुन्हा पुन्हा परत यायच्या. शेवटी नळी, जाळी आणि चेंबरची सफाई ही त्या दुरुस्तीची अटच बनली. आपल्याकडेही टर्बोबरोबर तेलाची आणणारी नळी नवी टाकावी. एक्झॉस्टच्या शेजारून जाणारी ती नळी आतून कोळसा होते.

तेल जाड टाका, गळणार नाही, हा सल्ला तर सर्रास मिळतो. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं की ते रिटर्नमधून आणखी हळू उतरतं आणि सकाळी थंड इंजिनात शाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. गळती थांबवणारी बाटलीही इथे निरुपयोगी, कारण ती रबर फुगवते आणि टर्बोत फुगायला रबरच नाही. बीएस-६ गाड्यांत चुकीच्या तेलाचं पाप दुप्पट. टर्बाइनकडून निसटलेलं तेल पुढे डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जळतं आणि त्याची राख तिथेच बसते. ती राख रिजनरेशनने, म्हणजे तिथली काजळी जाळण्याच्या क्रियेने, जात नाही. टर्बोच्या दुर्लक्षित गळतीचं बिल मग डीपीएफच्या बिलात मिळतं.

बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांचा धूर मात्र घाबरवणारा असला तरी नेहमी दोषाचा नसतो. आधीचा टर्बो फुटला तेव्हा इंटरकूलरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तेल साचलेलं असतं. इंटरकूलर काढून धुतला नसेल तर नवा टर्बो तेच तेल इंजिनात ढकलतो. सायलेन्सरमधलं तेल जळून संपायला मोकळ्या रस्त्यावरचा चांगला फेरा लागतो. दौलताबादचा घाट चढून वेरूळपर्यंत जाऊन यावं. त्यानंतरही धूर तसाच असेल तर शोधाला लागावं. पण इंटरकूलरमधलं साचलेलं तेल डिझेल गाडीत धोक्याचं असतं. ते एकदम इंजिनात गेलं तर इंजिन त्याच तेलावर पळू लागतं, किल्ली काढली तरी थांबत नाही आणि फेऱ्या वाढतच जातात. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडावा, किंवा हवेचं तोंड फळीने बंद करावं. हाताने कधीच नाही. इंटरकूलर धुण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य डोळ्यांसमोर आणावं.

चालवण्याच्या सवयींबद्दलही दोन टोकं दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि ताशी १२० किलोमीटरने तास-तास सलग बूस्टवर चालण्याची सोय आपल्या दारात आली. सावंगीला महामार्गावरून उतरून लगेच इंजिन बंद केलं तर तापलेल्या घरातलं तेल जागच्या जागी भाजून निघतं. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवणं पुरेसं आहे. पण हेच ऐकून काहीजण उन्हाळ्यात एसी लावून अर्धा-अर्धा तास गाडी उभ्याने चालू ठेवतात. आयडलवर दोन्ही घरांतला दाब नगण्य असतो आणि अगदी चांगल्या टर्बोतूनही थोडं तेल रिंग ओलांडतं. मग एक्सलरेटर दिल्यावर निळा धूर दिसतो आणि पुन्हा नव्या टर्बोवर आळ येतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं आणि तरी तेल येतंच राहिलं, तर मात्र कोअरच सदोष आहे असं म्हणायला हरकत नाही. तसंही होतं. जुळवताना रिंग तुटते, शाफ्टचा समतोल यंत्रावर न तपासताच कोअर विकला जातो, नकली मालात थ्रस्ट बेअरिंग हलक्या धातूचं असतं. हाताने शाफ्ट हलवून पाहताना आडवा थोडा खेळ असतोच, कोरड्या तरंगत्या बेअरिंगचा तो स्वभाव आहे. चक्र घराला टेकलं तर काम संपलं. लांबीच्या दिशेने मात्र हाताला खेळ जाणवताच कामा नये. आणि नवा टर्बो जोडण्याआधी त्याच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट बोटाने फिरवला नसेल, इंजिन चालू न करता स्टार्टरवर फिरवून दाब आणला नसेल, तर पहिल्या काही सेकंदांतच तो कोअर घासलेला असतो. मग दोष कोणाचा, हे कागदावर ठरवणं अवघड जातं.

म्हणूनच टर्बो बदलल्याच्या बिलावर चार नोंदी असाव्यात असं मला वाटतं: रिटर्न पाइप काढून पाहिला की नाही, चेंबरचा दाब किती भरला, तेलाची नळी नवी टाकली का, इंटरकूलर धुतला का. यू नळीने दाब मोजायला दोन मीटर पारदर्शक पाइप, एक फळी, मोजपट्टी आणि पेलाभर पाणी पुरतं.